तहाच्या कलमांतला घोसाळगड

रोह्याहून मुरूडच्या रस्त्याला लागले की काही मैलांवर घोसाळे गाव येते आणि गावाच्या माथ्यावर घोसाळगड दिसू लागतो. वीरगड हे त्याचेच दुसरे नाव. रायगडाची भव्यता त्याला नाही, जंजिऱ्याचा दरारा नाही. समुद्राकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या पायथ्याशी थांबतही नाहीत. तरीही कोकणच्या इतिहासात या लहानशा गडाचे नाव एका ठरावीक जागी येत राहते. युद्ध थांबवताना दोन्हीकडचे वकील बसून जी कलमे लिहितात, त्या कलमांत. १६६५ मध्ये ते आले. सिद्दीशी झालेल्या युद्धाच्या अखेरीस, अठराव्या शतकात, पुन्हा आले. १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला आणि त्या वेळी तह करायला पेशवाईच उरली नाही.

लढायांचा इतिहास आपल्याकडे पावलापावलाने सांगितला जातो. कोण कुठल्या कड्याने चढले, कोण कुठे पडले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तहाच्या वाट्याला मात्र एकच ओळ येते: अमुक साली अमुक ठिकाणी तह झाला. युद्धाचा खरा निकाल त्या ओळीच्या पोटात असतो, असे माझे म्हणणे आहे. तो समजून घ्यायचा तर सही कोणी केली एवढे पाहून भागत नाही. त्या सहीला वरून मंजुरी कोणी दिली, कधी दिली आणि ठरलेली ठाणी प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात गेली, हे पाहावे लागते.

पेण-रोह्याच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. जमिनीचे व्यवहार इथे रोजचे आहेत. बोलणी होतात, इसारपावती होते, खरेदीखत नोंदवले जाते आणि तरीही सातबाऱ्यावर फेरफार मंजूर होईपर्यंत घेणारा निर्धास्त झोपत नाही. दोन राज्यांमधला तहही अशाच पायऱ्यांनी पुरा होतो. बोलणी करणाऱ्या वकिलाला आधी अखत्यार असावा लागतो. मग कलमे ठरतात, सह्या होतात. मग तो कागद ज्याच्या नावाने केला त्या धन्याकडे जातो आणि त्याची मंजुरी येते. आजच्या सरकारी मराठीत तिला अनुसमर्थन म्हणतात. दोन्हीकडच्या मंजुऱ्यांची अदलाबदल होते. शेवटी किल्ले रिकामे होतात, ओलीस आणि कैदी सुटतात, पैसा पोचता होतो. मधली एखादी पायरी निसटली तर सह्या असूनही युद्ध पुन्हा पेटते, आणि आपल्या इतिहासात ते अनेकदा पेटले आहे.

पुरंदरचा तह घ्या. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी पुरंदरला वेढा घातला. या मोहिमेचे सगळे अधिकार आपल्या एकट्याच्या हाती असावेत, असा जयसिंगांचा आग्रह होता आणि औरंगजेबाने तो मान्य केला होता. समोर बसलेल्या माणसाला शब्द देण्याचा अधिकार आहे की नाही, हा कोणत्याही तहातला पहिला प्रश्न असतो. शिवाजी महाराजांच्या बाजूने रघुनाथपंत जयसिंगांकडे ये-जा करीत होते. वज्रगड पडला, मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले, गडावर सरदारांची कुटुंबे अडकून पडली, तेव्हा ११ जून रोजी महाराज स्वतः जयसिंगांच्या छावणीत गेले.

ठरले ते असे. चार लाख होन उत्पन्नाचा मुलूख आणि २३ किल्ले मोगलांना द्यायचे. एक लाख होनांचा मुलूख आणि १२ किल्ले महाराजांकडे राहायचे. पेणच्या वाचकाने या दोन याद्या नकाशा पुढे ठेवून वाचाव्यात. पेणच्या उत्तरेला महामार्गाच्या कडेने अंगठ्यासारखा सुळका दिसतो तो कर्नाळा गेलेल्या यादीत आहे. त्याच्या आसपासचे माणिकगड आणि प्रबळगडही गेले. रोह्याकडचे घोसाळे आणि तळे मात्र राहिलेल्या बारांत आहेत, भोरप म्हणजे सुधागड आहे आणि रायगडही आहे. सरहद्द सरळ रेघेची नव्हती, दक्षिणेकडचेही काही किल्ले गेले. पण पेण आणि रोहा यांच्या दरम्यान त्या पावसाळ्यात एक राज्य संपून दुसरे सुरू होत होते, एवढे या याद्यांवरून स्पष्ट दिसते. कोणते बारा हाती राहतात यावर महाराजांचे पुढचे सगळे अवलंबून होते. हे बारा पाहिले की सह्याद्रीचा कणा आणि रायगडाभोवतालचा मुलूख त्यांनी हातून जाऊ दिला नाही, असेच म्हणावे लागते.

मंजुरीचा भाग मला इथे सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कागदाच्या रूपाने पाहिले तर हा दोन बरोबरीच्या राजांमधला करार नव्हता. महाराजांच्या नावाने बादशहाकडे अर्ज गेला आणि बादशहाने फर्मान पाठवून तो मान्य केला. दिल्लीच्या दरबाराची रीतच तशी होती: मागणारा मागतो, देणारा देतो. किल्ले मात्र फर्मानाची वाट न पाहता जूनमध्येच मोगलांच्या ताब्यात जाऊ लागले आणि जेमतेम आठ वर्षांचे शंभूराजे छावणीत दाखल झाले. म्हणजे महाराजांनी आपली बाजू आधी पुरी केली आणि समोरच्याची मंजुरी यायची होती. ती फर्मानाच्या रूपाने सप्टेंबरअखेर पोचली. फर्मान घ्यायला पायी सामोरे जायचे, हा दरबारी शिष्टाचार महाराजांनी पाळला. त्या साडेतीन महिन्यांत बादशहाने एखादे कलम फिरवले असते तर दिलेले किल्ले परत मागायला कोणतेही न्यायासन नव्हते.

याच तहात पुढच्या भविष्यावर अवलंबून असलेले एक कलम होते. विजापूरच्या ताब्यातला तळकोकण आणि बालाघाटचा मुलूख महाराजांना मिळाला, तर त्यांनी त्याबद्दल बादशहाला ४० लाख होन हप्त्याहप्त्याने द्यायचे. जयसिंगांची विजापूरची मोहीम फसली आणि ते कलम कागदावर राहिले. पुढे आग्रा घडले, थोडा काळ पुन्हा सलोखा झाला आणि १६७० मध्ये सिंहगडापासून महाराजांनी किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. पुरंदरचा तह जेमतेम पाच वर्षे टिकला.

१६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून रायगडाकडे आला तो चौलवरून, कुंडलिकेच्या वाटेने अष्टमीला. रोह्याच्या पलीकडच्या काठावरची ही अष्टमी त्या काळी बंदर होती आणि समुद्रावरून रायगडाकडे जाणारी वाट इथे जमिनीला लागत असे. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती या त्याच्या मागण्या होत्या. महाराजांकडच्या निराजीपंतांनी त्याची कलमे महाराजांपुढे ठेवली, बहुतेक मान्य झाली, आणि महाराजांबरोबर मंत्र्यांनीही मान्यता दिल्यावरच वकील खाली उतरला. मुंबईच्या नाण्यांबद्दलचे आणि किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांबद्दलचे कलम महाराजांना मान्य झाले नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीशी समेट करावा, ही इंग्रजांची इच्छा होती. महाराजांपुढे त्या गोष्टीला थारा मिळाला नाही.

तो समेट व्हायला आणखी साठ वर्षे जावी लागली.

१६८९ मध्ये रायगड पडला आणि पुढे तो सिद्दीकडे गेला. स्वराज्याची राजधानी अनेक वर्षे जंजिऱ्याच्या ताब्यात होती, ही गोष्ट आपण फारशी बोलत नाही. १७३३ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी रसूल याकूतखान वारला, वारसांत भांडण लागले आणि छत्रपती शाहूंच्या आज्ञेने बाजीराव पेशवे कोकणात उतरले. जूनमध्ये शाहूंच्या दरबारातल्या प्रतिनिधींनी रायगड मिळवला. पण प्रतिनिधी आणि पेशवे यांचे एकमेकांशी पटत नव्हते, पावसाळा आडवा आला, ऑगस्टमध्ये सेखोजी आंग्रे वारले आणि आंग्र्यांच्या घरातही दुही माजली. वर्षअखेरीस बाजीरावांनी गादीवर हक्क सांगणाऱ्या सिद्दी अब्दुर रहमानला मान्यता देऊन बोलणी आवरती घेतली आणि ते परतले.

ही शांतता टिकली नाही, आणि त्याचे कारण तह करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे. ज्याच्याशी बोलणी झाली त्याचा शब्द दुसऱ्या बाजूच्या सगळ्यांवर चालत नव्हता. अंजनवेल आणि गोवळकोट सांभाळणारा सिद्दी सात स्वतःच्या बळावर लढत राहिला. अखेर १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळ चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत तो मारला गेला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तह पक्का झाला. सिद्दी मुख्यतः जंजिरा, अंजनवेल आणि गोवळकोट यांच्यापुरता उरला. रायगड, तळे, घोसाळे, अवचितगड आणि बिरवाडी हे किल्ले मराठ्यांकडे आले. यांपैकी घोसाळे आणि अवचितगड हे दोन्ही आजच्या रोहे तालुक्यातले. अवचितगड तर रोहे गावाच्या डोक्यावरच आहे. शिवाय अकरा महालांचे उत्पन्न निम्मे निम्मे वाटून घ्यायचे ठरले.

हे निम्म्याचे कलम वाचायला सोपे आहे. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ असा, की एकाच गावाच्या भातावर दोन सरकारांचा हक्क. जंजिऱ्याचा तोडगा निघाला नाही, किल्ला पाण्यात अभेद्य उभा राहिला, म्हणून वकिलांनी आसपासच्या गावांची विभागणी केली. लढाईने जे सुटत नाही ते तहात बऱ्याचदा रयतेच्या अंगावर टाकले जाते.

त्यानंतर चारच वर्षांत कुंडलिकेच्या मुखाशी आणखी एक तह पुरा झाला, आणि तो पुरा करण्याची रीत फार शिकण्यासारखी आहे. रोह्यावरून वाहत जाणारी ही नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एका काठावर रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आणि समोर कोरलईचा डोंगरी किल्ला. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा आतल्या शिबंदीने ठरलेल्या शर्तींवर किल्ला सोडला. हत्यारांसह, मानाने बाहेर पडण्याची मुभा त्यांना मिळाली. ही एका किल्ल्याची शरणागती होती. लढणारा किल्लेदार आपल्यापुरत्या अशा शर्ती ठरवू शकतो. मुलूख कायमचा देणे-घेणे त्याच्या हाती नसते, त्यासाठी राज्याची मान्यता लागते. गोव्याचा विजरई लिस्बनला विचारायला गेला तर जहाजाला जाऊन येऊन दीड-दोन वर्षे लागत. इतका काळ मराठी फौजा थांबणार नव्हत्या, आणि गोव्याच्या साष्टीत त्या शिरलेल्याच होत्या.

मुंबईच्या इंग्रजांनी मध्यस्थी केली. कॅप्टन इंचबर्ड हा त्यांचा माणूस यात पुढे होता. ऑक्टोबर १७४० मध्ये ठरले, की पोर्तुगिजांनी रेवदंडा आणि कोरलई मराठ्यांना द्यायचे आणि मराठ्यांनी गोव्याच्या साष्टीतून फौजा काढायच्या. पण आधी कोणी हलायचे? पोर्तुगिजांनी कोट सोडला आणि मराठे साष्टीतून निघाले नाहीत तर काय? मराठे निघाले आणि कोट मिळाला नाही तर काय? म्हणून साष्टी सुटेपर्यंत कोरलई इंग्रजांच्या ताब्यात ठेवायची, अशी तोड निघाली. भरवसा नसलेल्या दोन बाजूंनी वादाची वस्तू तिसऱ्याच्या हाती द्यायची आणि दोघांनी आपापले कलम पाळले की तिसऱ्याने ती सोडायची. आज युद्धविरामानंतर त्रयस्थ देशांच्या फौजा मधल्या पट्ट्यात उभ्या राहतात, त्यामागचा विचार हाच आहे. कोरलईला भेट देणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे.

मंजुरी म्हणजे नुसता उपचार आहे, असे अजूनही कोणाला वाटत असेल तर त्याने पहिले इंग्रज-मराठे युद्ध नीट वाचावे. १७७५ ते १७८३ या काळात एकाच भांडणावर चार कागद झाले आणि त्यांतले तीन मंजुरीवर किंवा अंमलावर फुटले.

पहिला कागद सुरतेचा, ६ मार्च १७७५. पुण्यातून बाहेर पडलेल्या रघुनाथरावांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला: त्यांनी फौज द्यावी, बदल्यात साष्टी आणि वसई घ्यावी. ही साष्टी ठाण्याकडची, गोव्याची नव्हे. दोन्ही बाजूंचा अखत्यार तपासा. रघुनाथराव पेशवे म्हणून सही करीत होते आणि पुण्याच्या कारभाऱ्यांनी गादीवर बालक सवाई माधवरावांना बसवले होते. मुंबईच्या कौन्सिलला १७७३ च्या कायद्याने कलकत्त्याच्या संमतीवाचून असे युद्ध किंवा तह करण्याची मोकळीकच नव्हती. ज्याच्याकडे राज्य नाही त्याने, ज्याला अधिकार नाही त्याच्याशी केलेला हा करार. कलकत्त्याने तो रद्द ठरवला आणि कर्नल अप्टनला पुण्याकडे पाठवले.

दुसरा कागद पुरंदरचा, १ मार्च १७७६. अप्टनसमोर सखारामबापू आणि नाना फडणीस होते. साष्टी इंग्रजांकडे राहायची, युद्धखर्चापोटी १२ लाख रुपये द्यायचे, रघुनाथरावांनी नेमणूक घेऊन कोपरगावी राहायचे. या कागदाला अधिकार होता. पण मुंबईकरांना तो नको होता. त्यांनी रघुनाथरावांना आश्रय दिला आणि लंडनच्या संचालकांचे पत्र आले त्यात सुरतेच्या कराराला अनुकूलता होती. एकाच कंपनीची तीन तोंडे, मुंबई, कलकत्ता आणि लंडन, तीन वेगळ्या गोष्टी बोलत होती. नाना फडणिसांसारख्या सावध माणसालाही प्रश्न पडला असेल, की शब्द नक्की कोणाकडून घ्यायचा.

तिसरा वडगावचा. मुंबईची फौज पनवेलला उतरून बोरघाट चढली आणि मराठ्यांनी मागेपुढे उजाड करीत तिला वडगावला कोंडले. जानेवारी १७७९ च्या मध्यावर कार्नाक आणि एगर्टन यांनी सह्या केल्या: १७७३ पासून घेतलेला मुलूख परत, बंगालकडून येणारी फौज माघारी. बोलणी करायला आलेल्या फार्मरने आधीच सांगितले होते, की आमच्या समितीला तह करण्याचा अधिकार नाही. मराठ्यांनी तरीही कागद करून घेतला आणि फार्मर व स्टुअर्ट या दोघांना ओलीस ठेवून फौजेला जाऊ दिले. मुंबईने तह नाकारला, कलकत्त्याने नाकारला. फौज वाचली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. माझ्या मते मराठ्यांच्या राजकारणातली ही सर्वांत महाग पडलेली चूक आहे. रणात जिंकलेले वडगाव कागदावर गेले, कारण सही करणाऱ्याच्या पाठीशी मंजुरी नव्हती आणि ती येईपर्यंत हातचे सोडायचे नाही हा साधा नियम पाळला गेला नाही. ओलीस ठेवलेली दोन माणसे कोंडलेल्या सबंध फौजेची भरपाई होऊ शकत नव्हती. वडगावच्या यशाचे पोवाडे आपण गातो तेव्हा त्याचा हा दुसरा भागही सांगितला पाहिजे.

पुन्हा युद्ध. १७८० च्या डिसेंबरात वसई गेली. इंग्रज सेनापती गॉडर्ड घाटावर आला आणि १७८१ च्या एप्रिलमध्ये हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांच्या मारापुढे नुकसान सोशीत पनवेलला उतरला. उत्तरेत महादजी शिंद्यांनी ऑक्टोबरात इंग्रजांशी स्वतःपुरता समेट केला आणि मोठ्या तहासाठी मध्यस्थ व्हायचे कबूल केले.

चौथा कागद साल्बाईचा. ग्वाल्हेरच्या दक्षिणेचे हे खेडे. १७ मे १७८२ रोजी तिथे डेव्हिड अँडरसन आणि महादजी यांनी १७ कलमांवर सह्या केल्या. पुरंदरनंतर घेतलेला मुलूख, वसईसह, परत करायचा. साष्टी, घारापुरी आणि कारंजा बेट इंग्रजांकडे राहायचे. हे कारंजा म्हणजे आजचे उरण. म्हणजे रायगड जिल्ह्याचा एक तुकडा साल्बाईने इंग्रजांना कायमचा दिला आणि पेणच्या खाडीच्या तोंडावर त्यांचे ठाणे पक्के झाले. महादजी इथे दोन नात्यांनी होते, पेशव्यांचे वकील म्हणून आणि तह पाळला जाईल याचे जामीन म्हणून.

गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने तीन आठवड्यांच्या आत, जूनमध्ये, मंजुरी दिली. पुण्याहून मंजुरी आली ती १७८३ च्या फेब्रुवारीत. मधले महिने नाना फडणीस काय करीत होते? नाना, हैदरअली आणि निजाम यांनी इंग्रजांविरुद्ध एकत्र राहायचे ठरवले होते. साल्बाईच्या एका कलमाने मात्र पेशव्यांवर हैदरकडून इंग्रजांचा मुलूख सोडवून देण्याची जबाबदारी टाकली. हैदर लढत असताना शिक्कामोर्तब करणे म्हणजे साथीदाराला तोंडघशी पाडणे, आणि हैदर जिंकत असला तर इंग्रजांकडून आणखी काही मिळवण्याची आशाही होतीच. नानांनी कागद अडकवून ठेवला. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला आणि थांबण्यासारखे काही उरले नाही. या नऊ महिन्यांना कोणी दिरंगाई म्हणेल, मी म्हणणार नाही. सही आणि मंजुरी यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते ती राज्याची मिळकत असते आणि नानांनी ती पुरेपूर वापरली. सुरत, पुरंदर आणि वडगाव यांचा अनुभव घेतलेल्या कारभाऱ्याने मंजुरीची किंमत ओळखली होती. हा तह जवळजवळ वीस वर्षे टिकला, आधीच्या तिघांच्या आयुष्याची बेरीज केली तरी त्याच्या जवळपास जात नाही.

१८१८ मध्ये यातले काहीच झाले नाही. कर्नल प्रॉथरच्या फौजेने कर्नाळा, अवचितगड, तळे, घोसाळे हे किल्ले एकामागून एक घेतले, १० मे रोजी रायगड घेतला. जूनच्या आरंभी दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले ते वर्षाला आठ लाखांच्या नेमणुकीवर आणि बिठूरला जाऊन राहण्याच्या अटीवर. ही एका माणसाची शरणागती होती. मंजुरी द्यायला मराठ्यांच्या बाजूला पेशवा नव्हता आणि घोसाळ्याचे काय, हे विचारणारे कोणी नव्हते.

मंजुरीचा हा पेच आपल्यापुरता नाही. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायला पहिल्या महायुद्धाच्या तहावर सह्या झाल्या. हिंदुस्थानतर्फे माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सही केली. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी तो तह घडवण्यात महिने घालवले होते. त्यांच्याच देशाच्या सेनेटमध्ये आवश्यक दोन-तृतीयांश मते दोनदा मिळाली नाहीत आणि अमेरिकेला १९२१ मध्ये जर्मनीशी वेगळा तह करावा लागला. समोरच्याला शब्द देण्याआधी घरच्यांची संमती न घेण्याची चूक मोठ्या राष्ट्राच्या अध्यक्षाकडूनही होते.

स्वतंत्र भारताने महायुद्धानंतरचा आपला तह जपानशी स्वतंत्रपणे केला. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला आपण गेलो नाही; ९ जून १९५२ रोजी वेगळ्या करारावर सही झाली आणि भारताने युद्धाची भरपाई मागण्याचा हक्क सोडून दिला. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, ज्यांच्या घराण्याचे नाते रोह्याशी आहे. युद्धानंतरच्या जगाची पैशाची घडी बसवणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेतही ते भारताच्या शिष्टमंडळात होते. रोह्याच्या मुलांना हे शाळेतच सांगायला हवे.

पाकिस्तानशी झालेल्या युद्धानंतर ताश्कंदला जानेवारी १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्रींबरोबर संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. फौजा मागे घेण्याची शेवटची तारीख, २५ फेब्रुवारी, तिथे घोषणेतच घातली होती. सिमल्याची रीत वेगळी. २ जुलै १९७२ च्या त्या करारात दोन्ही देशांच्या घटनात्मक पद्धतीने मंजुरी मिळाल्यावरच तो लागू होईल, असे कलम होते. मंजुरीपत्रांची अदलाबदल पुरी होऊन ४ ऑगस्टला तो लागू झाला. त्यानंतर तीस दिवसांत फौजा हटायच्या होत्या, पण काश्मीरमधली नियंत्रण रेषा नकाशावर आखायलाच डिसेंबर उजाडला आणि माघार वर्षअखेरीस पुरी झाली. ९३ हजारांच्या घरात असलेले युद्धकैदी परत पाठवण्यासाठी तर १९७३ मध्ये आणखी एक करार करावा लागला. सिमल्याच्या फोटोतला हात मिळवण्याचा क्षण सगळ्यांना आठवतो. त्यानंतरचे हे काम कोणाला आठवत नाही.

आपल्याकडे करार करणे हा केंद्र सरकारचा अधिकार आहे. प्रत्येक तह संसदेने मंजूर केलाच पाहिजे, असे राज्यघटना म्हणत नाही आणि त्याची पद्धत ठरवणारा सर्वंकष कायदाही संसदेने केलेला नाही. एक भिंत मात्र आहे. १९६० मध्ये बेरुबारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की देशाची भूमी दुसऱ्या देशाला द्यायची तर घटनादुरुस्ती लागेल. माझ्या मते युद्धानंतरचा कोणताही तह, भूमी जात असो वा नसो, संसदेपुढे मतदानाला यायला हवा. त्यात रक्त सांडलेल्यांचा हिस्सा असतो आणि तो मंत्रिमंडळाच्या खोलीत मिटवण्याइतका लहान नसतो.

बेरुबारीच्या त्या निकालाची किंमतही कोणीतरी मोजली आहे. बांगलादेशाशी सीमेवरच्या बेटासारख्या वस्त्यांची अदलाबदल करण्याचा करार १६ मे १९७४ रोजी झाला. बांगलादेशाने त्याच वर्षी मंजुरी दिली. भारताची मंजुरी शंभराव्या घटनादुरुस्तीने २०१५ मध्ये झाली. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री पलीकडच्या १११ आणि अलीकडच्या ५१ वस्त्यांचे देश बदलले. तोवर, सह्या होऊन ४१ वर्षे उलटली तरी, तिथल्या माणसांना ना मतदानाचा हक्क होता ना हक्काचे सरकार.